मिस्त्री आणि मास्तर

मराठीत श्रमाच्या मोबदल्यासाठी जेवढे शब्द आहेत, तेवढे क्वचितच एखाद्या दुसऱ्या व्यवहारासाठी असतील. नोकरदाराला पगार मिळतो. शासकीय कागदावर त्याचेच वेतन होते. व्याख्यात्याला मानधन द्यायचे असते, गवयाला बिदागी, वकिलाला आणि डॉक्टरला फी, पुरोहिताला दक्षिणा. जो माणूस मे महिन्याच्या उन्हात आपल्या घरावर चढून फुटकी कवेलू बदलतो, त्याला मात्र मजुरी मिळते किंवा रोजी मिळते. कोशात हे सारे शब्द एकमेकांच्या शेजारी, जवळजवळ समानार्थी म्हणून बसलेले दिसतात. व्यवहारात ती एक शिडी आहे. वरच्या पायऱ्यांवरील शब्दांत घेणाऱ्याचा मान गृहीत धरलेला आहे. अगदी खालच्या पायरीवरील शब्दात एका दिवसापलीकडे काहीच गृहीत धरलेले नाही. रोजी म्हणजे त्या रोजाचे. उद्याचे उद्या पाहू.

भाषेच्या अभ्यासकांना या शिडीत एक मोठी गंमत सापडेल. ज्याला आपण 'मिस्त्री' म्हणतो तो शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. ज्याला आपण 'मास्तर' म्हणतो तो इंग्रजीतून आला. दोन्हींचे मूळ एकच, लॅटिनमधील 'मॅजिस्टर', म्हणजे आपल्या विद्येत पारंगत असलेला आणि म्हणून इतरांना शिकवू शकणारा. एक भाऊ गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला, दुसरा साहेबाच्या शाळेतून आला. 'पगार' हा शब्दही पोर्तुगीजांनीच दिला. पण घर असे फुटले की पोर्तुगीज पगार इंग्रजी मास्तराला मिळाला आणि पोर्तुगीज मिस्त्रीच्या वाट्याला फारसी 'मजूर' शब्दातून आलेली मजुरी आली. शब्दांची ही वाटणी योगायोगाची असेल. मोबदल्याची वाटणी मात्र योगायोगाची नाही. घरदुरुस्तीला आलेल्या कारागिराला न्याय्य मोबदला किती, या प्रश्नाचा विचार आम्हाला येथे करायचा आहे आणि तो या दोन भावांना समोरासमोर बसवूनच करता येईल असे आम्हाला वाटते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा प्रश्न दरवर्षी मृग लागण्यापूर्वी दाराशी येतो. सिमेंटची घरे वाढली तरी मूल, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, धानोरा या बाजूंना कवेलूंची घरे अजून पुष्कळ आहेत. वर्षभर माकडे त्यांवरून उड्या मारतात, वाऱ्याने ती सरकतात, खालच्या बांबूच्या कमच्या कुजतात, वाशांना उधळी लागते. पाऊस येण्याआधी छप्पर फेरून घ्यावे लागते. हे काम करणारा माणूस तालुक्याच्या गावात बहुधा एकटाच सर्व करतो. तोच दाराची फळी बसवतो, नळाचा वायसर बदलतो, ओल आलेल्या भिंतीला गिलावा करतो, मोटरचे बटणही पाहून देतो. त्याच्याकडे ना दुकान असते, ना पाटी, ना दरपत्रक. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना तो सकाळी सहाला घरावर चढतो, कारण अकरानंतर कवेलूला हात लावता येत नाही. फुटू न देता कवेलूवर पाय कोठे ठेवायचा, हे त्याच्या तळपायाला ठाऊक असते. ही विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

संध्याकाळी काम संपते. हिशेबाची वेळ येते. किती द्यायचे, असे विचारल्यावर पुष्कळदा एकच उत्तर ऐकू येते : "तुमाले वाटन थे द्या, सर."

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही वर्गात सांगत असतो की, वाक्याचा अर्थ केवळ वाक्यात नसतो. कोण कोणाला, कोठे उभे राहून बोलतो यात तो असतो. झाडीबोलीतील हे चार-पाच शब्दांचे वाक्य त्या दृष्टीने वाचून पाहावे. वरवर ते औदार्याचे वाक्य आहे. थोडे खोल गेले की ते अदबीचे आहे. आणखी खोल गेले की ते भीतीचे आहे : आकडा जास्त सांगितला तर पुढचे काम जाईल, कमी सांगितला तर घरी जाऊन बायकोला काय सांगायचे. ज्याने दिवसभर अंग मोडले त्याने आपल्या श्रमाची किंमत ठरवण्याचा हक्क या वाक्यात समोरच्याच्या हाती सोपवलेला असतो. आणि समोरचा माणूस ते वाक्य शब्दशः घेतो, म्हणजे जे त्याला 'वाटते' तेच देतो. 'वाटणे' हे क्रियापद काव्यात फार मोलाचे आहे. मजुरीच्या हिशेबात ते घातक ठरते; कारण घेणाऱ्याची भूक आणि देणाऱ्याचे वाटणे यांचा काहीही संबंध नसतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : कोणतीही मजुरी न्याय्य ठरायची असेल तर ती कामाआधी, उघडपणे, वर्षाच्या गरजेवर आणि कौशल्याची गणना करून ठरली पाहिजे. यात नवे काहीच नाही. सुशिक्षित मराठी माणसाने स्वतःच्या पगारासाठी ही चारही तत्त्वे कधीच मान्य करून घेतलेली आहेत. ती उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या कारागिराला लावायची तेवढी राहिली आहेत.

याच दोन जिल्ह्यांत इतरांचा मोबदला कसा ठरतो ते पाहू. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या पट्ट्यातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले. तेथील कामगाराचे वेतन व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यातील राष्ट्रीय कोळसा वेतन करारातून ठरते. अकरावा करार २०२३ मध्ये झाला आणि तो १ जुलै २०२१ पासून लागू धरण्यात आला. महाविद्यालयातील कायम प्राध्यापकाचे वेतन आयोग आणि समित्या ठरवतात. त्यासाठी संप होतात, मोर्चे निघतात, थकबाकीही मिळते. जंगलात जाऊ. तेंदूच्या हंगामात ७० पानांचा एक पुडा, १०० पुड्यांचा एक शेकडा आणि शेकड्याला दर, असे माप फळीवर सर्वांना तोंडपाठ असते. दर पसंत नसेल तर गाव मिळून तोडणी थांबवू शकते.

याहून बोलके उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तोवर बांबू तोडणाऱ्याची मजुरी दुसरेच कोणी ठरवीत होते. त्यानंतर ती ग्रामसभेने स्वतः बसून ठरवली. देवाजी तोफा यांचे गावातील नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने चाललेले अभ्यासगट यांमुळे तेथे एक रीत पडली होती : आधी अभ्यास, मग चर्चा, मग सर्वसहमतीने निर्णय. मजुरी हा तेथे चर्चेचा आणि अभ्यासाचा विषय झाला. कोणाच्या मर्जीचा तो राहिला नाही.

म्हणजे तेंदूच्या पानाला दर आहे, बांबूच्या काठीला दर आहे, कोळशाच्या टनामागे राबणाऱ्याला करार आहे, प्राध्यापकाला आयोग आहे. घरावर चढलेल्या मिस्त्रीला यांपैकी काही नाही. त्याचे मालक रोज बदलतात, प्रत्येक मालक एकटा आणि तोही एकटा; त्यामुळे संघटना होत नाही, सभा होत नाही, ठराव होत नाही.

कायदा काय करतो? तो उंबरठ्यापाशी थांबतो. १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले तेव्हा मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यातून १९४८ चा कायदा आला. तो सूचीत नोंदलेल्या उद्योगांपुरता होता. २०१९ च्या वेतन संहितेने ही सूचीची मर्यादा काढली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पण दोन दिवस येऊन जाणारा मिस्त्री कोणाचाच नोकर नसतो, आणि आपल्या ओसरीवर निरीक्षक येत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेला कायदा तर स्पष्टच बोलत होता : स्वतःच्या राहत्या घराचे १० लाख रुपयांपर्यंतचे काम करवून घेणारी व्यक्ती त्याच्या कक्षेबाहेर. २०२० च्या संहितेत ही मर्यादा ५० लाखांवर गेली. घरमालकाला खटपटीतून वाचवण्याचा यात हेतू असेल. परिणाम मात्र असा की, घरदुरुस्तीची मजुरी हा पूर्णपणे मालकाच्या सदसद्विवेकावर सोडलेला प्रांत झाला. ज्या प्रांतात कायदा नाही तेथे निदान विचार तरी असावा.

विचाराऐवजी तेथे बहुधा एक जुनी आठवण असते. "पूर्वी असे पैशावर अडून बसत नसत, सुतार-लोहार घरचेच असायचे," असे म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक गावात भेटतील. ही आठवण बलुत्याची आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहून या व्यवस्थेचे तपशील नोंदवले आणि बलुतेदारांच्या ओळी, त्यांचे वाटे, त्यांचे मान-अपमान मराठी गद्यात कायमचे राहिले. आपला भाग मालगुजारीचा, म्हणून येथील रिवाज देशावरच्यासारखे तंतोतंत नव्हते. पण कामाचा मोबदला रोखीने न देता पीक आल्यावर खळ्यावरून धान्यात द्यायचा, ही कल्पना अपरिचित नव्हती. या व्यवस्थेत एक गोष्ट चांगली होती, ती मान्य केली पाहिजे : मोबदला वर्षाचा होता. सुताराकडे नांगर आला काय आणि न आला काय, त्याच्या घरात धान्य पडत असे. रिकाम्या दिवसांचा भार एकट्या कारागिरावर नव्हता.

परंतु तिच्यातील वाईट त्याहून फार मोठे होते. मोबदला जातीने ठरत होता, कामाने नव्हे; वाटा कमी करण्याचा अधिकार देणाऱ्याकडे होता आणि काम सोडण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे नव्हता. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले तेव्हा त्या एका शब्दातील सगळा गोडवा संपला. त्याआधी ५० वर्षे, १९२८ मध्ये, आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविषयीचे विधेयक आणले होते. सरकारी कामासाठी राबणाऱ्या महारांना बेभरवशाच्या बलुत्याऐवजी निश्चित मोबदला मिळावा आणि कामाच्या मर्यादा ठराव्यात, असा त्यामागील आग्रह होता. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या शहरात 'घरचाच माणूस' म्हणून कोणाची मजुरी अर्धवट ठेवणे, हे इतिहासाशी विसंगत आहे. 'घरचा माणूस' हे विशेषण हिशेबाच्या वेळीच का आठवते, हेही तपासण्यासारखे आहे.

मग न्याय्य आकडा काढायचा कसा? येथे आपल्याला अंधारात चाचपडण्याचे कारण नाही. संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाचे उद्दिष्ट आहे. १९४८ मध्ये नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने किमान, न्याय्य आणि निर्वाह अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब मांडला : कमावणाऱ्यामागे तीन उपभोग-एकके, प्रत्येक प्रौढाला रोज २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे आणि जळण-दिवाबत्ती इत्यादींसाठी २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. थोडक्यात, वेतनाचा विचार कुटुंबाच्या जगण्यापासून सुरू करायचा, बाजारातील घासाघिशीपासून नाही, हे तत्त्व या देशाने कधीच मान्य केले आहे.

तत्त्व मान्य असूनही हिशेब कसा चुकतो, याचे उदाहरण विदर्भातलेच आहे. डॉ. अभय बंग गडचिरोलीत येण्यापूर्वी वर्धा जिल्ह्यात शेतमजुरांमध्ये काम करीत होते. त्या काळी शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये होती आणि तिच्यामागे वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा हिशेब होता. बंगांनी त्या हिशेबाची गृहीतकेच तपासली, शरीराला लागणारे उष्मांक आणि कुटुंबाच्या गरजा यांबाबतच्या चुका दाखवल्या आणि योग्य मांडणी केली तर मजुरी १२ रुपये येते असे सिद्ध केले. पागे हे रोजगार हमीचे जनक. गरिबांविषयीची त्यांची कळकळ निःसंशय होती. तरीही गृहीतक चुकले की आकडा तिपटीने चुकतो. दुसऱ्याच्या पोटाला किती लागते याविषयीचे सुखवस्तू माणसाचे गृहीतक नेहमी कमीच असते, हा त्यातील धडा आहे.

घरदुरुस्तीच्या बाबतीत सर्वांत मोठे चुकीचे गृहीतक दिवसांविषयी आहे. समजा, एका कारागिराच्या कुटुंबाला साधेपणाने जगायला महिन्याला २०,००० रुपये लागतात, म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये. (हा आकडा केवळ उदाहरणाचा, ज्याने त्याने आपल्या घराच्या खर्चावरून तो दुरुस्त करून घ्यावा.) त्याला वर्षातून ३०० दिवस काम मिळत असेल तर रोजी ८०० रुपये येते. पण पावसाळ्यात छपराची आणि भिंतीची कामे बंद, धानाच्या रोवणी-कापणीत घरोघरची माणसे शेतात, सण, आजारपण, आणि कोणाचे बोलावणेच न आलेले दिवस. समजा, कामाचे दिवस २०० निघाले. मग तीच रोजी १,२०० रुपये होते. यात हत्यारांची झीज नाही, पेट्रोल नाही. ८०० आणि १,२०० यांमधील ४०० रुपये त्याच्या रिकाम्या दिवसांचे आहेत. ते 'जास्तीचे' मागितले असे आपल्याला वाटते, कारण आपल्या रिकाम्या दिवसांचे पैसे आपल्या मासिक पगारात आधीच मिसळलेले असतात. रविवार, दिवाळी, उन्हाळी सुट्टी हे सर्व आपल्या पगारात आहे. प्राध्यापकाचा वर्षाचा पगार प्रत्यक्ष शिकवलेल्या दिवसांनी भागून पाहिला, तर जी 'रोजी' निघेल ती उघडपणे सांगण्याचे धाडस स्टाफरूममध्ये फार थोड्यांना होईल.

दुसरे चुकीचे गृहीतक वेळेविषयी आहे. "पंधरा मिनिटांच्या कामाचे एवढे?" हा उद्गार नळ दुरुस्त झाल्यावर हमखास येतो. त्या पंधरा मिनिटांत दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याची पंधरा वर्षे असतात, आणि ते काम करण्यासाठी घरून निघून येण्या-जाण्याचा अर्धा दिवसही असतो. एका तासाच्या व्याख्यानासाठी आपल्याला बोलावले जाते तेव्हा मानधनासोबत प्रवासखर्च मिळावा ही अपेक्षा आपण अगदी नैसर्गिक मानतो. तासभर बोलण्यामागे वीस वर्षांचे वाचन आहे, हे संयोजकाने समजून घ्यावे असे आपल्याला वाटते आणि ते रास्तच आहे. मग मिस्त्रीच्या पंधरा मिनिटांना हाच न्याय का नको? वाचनाने येणारी विद्या आणि हाताने येणारी विद्या यांची प्रतवारी कोणत्या तत्त्वावर लावायची, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला जातिव्यवस्थेबाहेर सापडलेले नाही. तुकडोजी महाराजांची तपोभूमी चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात. त्यांच्या 'ग्रामगीते'त श्रमसंपत्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. गावोगाव तिचे वाचन होते. वाचनानंतरच्या हिशेबात ती उतरावी एवढीच अपेक्षा.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला बाजारभावाचा : जो दर चालू आहे तो द्यावा, न्यायाचा प्रश्न मध्ये का आणावा? चालू दर विचारात घेतलाच पाहिजे, पण तो कसा चालू झाला हेही पाहिले पाहिजे. शंभर घरांत शंभर वेळा "तुमाले वाटन थे" म्हटले गेले की त्या शंभर वाटण्यांच्या सरासरीलाच पुढे बाजारभाव म्हणतात. दुसरा आक्षेप याच्या उलट आहे : अलीकडे हेच लोक अडवून पैसे मागतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपल्या भागातील हजारो हात मिरची तोडायला तेलंगणात जातात, मागे राहिलेले कारागीर थोडे, आणि मृगाआधी सर्वांनाच छप्पर फेरून हवे असते. तेव्हा दर चढतो हे खरे. पण मागणी कमी असताना दर पाडणे हा व्यवहार आणि मागणी वाढल्यावर दर चढवणे ही लूट, असे दुहेरी नीतिशास्त्र चालणार नाही. काम खराब केले, खोटे बोलून पैसे घेतले, तर त्याविषयी जरूर बोलावे. वाईट शिकवणाऱ्या प्राध्यापकाविषयी बोलावे तितक्याच निर्भीडपणे.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : आम्हालाच परवडत नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला सावली आठवते. १९३५ मध्ये अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हे तत्त्व स्वीकारले. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असा गांधीजींचा आदर्श होता. तोवर कातणाऱ्या बाईला जे मिळे ते त्यामानाने नगण्यच होते. मजुरी वाढवली तर खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, ही भीती तेव्हाही व्यक्त झाली. आठ आणे लगेच साधले नाहीत. पण स्वस्त खादीसाठी कातणारीने उपाशी राहावे ही गोष्ट नाकारली गेली. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील सावली येथे गांधी सेवा संघाची सभा भरली आणि गांधीजी तेथे राहिले. त्या विचारातून आजच्या घरमालकाने घ्यायचे ते एवढेच : परवडत नसेल तर काम कमी करावे, यंदा दोन खोल्यांचेच छप्पर फेरावे, रंगाचा विचार पुढच्या वर्षी करावा. आपली काटकसर दुसऱ्याच्या मजुरीतून करू नये.

या हिशेबात एक व्यक्ती नेहमी राहून जाते. मिस्त्रीबरोबर आलेली रेजा खालून कवेलू वर देते, माती कालवते, घमेली उचलते. तिची रोजी तिच्याच बरोबरीने घमेली उचलणाऱ्या पुरुषापेक्षा कमी असते आणि ती बहुधा थेट तिला मिळतही नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. मिस्त्रीशी दर ठरवताना तिचा दर वेगळा विचारणे आणि तो पुरुष मजुराइतका ठेवण्याचा आग्रह धरणे, एवढे तरी घरमालकाच्या हातात असते.

आता आमच्या वाचकांच्या अधिक जवळ येऊ. मास्तर वर आणि मिस्त्री खाली, ही शिडी पक्की आहे असे ज्यांना वाटते त्यांनी महाविद्यालयांतील तासिका तत्त्वाकडे पाहावे. एम.ए., नेट-सेट, पीएच.डी. झालेले तरुण प्राध्यापक आज तासावर शिकवतात. तास घेतला तर पैसे. तासाची तयारी, विद्यार्थ्याच्या शंका, दिवाळी, उन्हाळा, आजारपण यांचे काही नाही. हातात पडायलाही महिनोन्महिने लागतात. त्या रकमेला 'मानधन' म्हणतात. शिडीच्या वरच्या पायरीवरील शब्द खाली उतरवून रोजीवर पांघरला, एवढाच त्याचा अर्थ. या प्राध्यापकाचे दुःख आणि मिस्त्रीचे दुःख एकाच जातीचे आहे : दोघांनाही फक्त प्रत्यक्ष कामाचे क्षण मोजून दिले जातात आणि त्या क्षणांच्या आधीचे व नंतरचे आयुष्य ज्याचे त्याने निभावायचे असते. जो समाज एका भावाच्या बाबतीत हे तत्त्व मुकाट्याने चालवून घेतो, त्याला दुसऱ्या भावाला ते लावायला वेळ लागत नाही. म्हणून तासिकेच्या अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यांनी रोजीच्या अन्यायाबद्दल गप्प राहणे परवडणारे नाही.

व्यवहारात काय करावे, हे सांगितल्याशिवाय असे लेख पुरे होत नाहीत. काम सुरू होण्यापूर्वी दर ठरवावा आणि कारागिराने आकडा सांगण्याचे टाळले तर पुन्हा विचारावे. त्याच्या संकोचाचा फायदा घेऊ नये. सामानाचा खर्च आणि मजुरी कागदावर वेगळी लिहावी. काम किती आहे ते दिसत असेल तर उक्ते द्यायला हरकत नाही. पण जुन्या घरात फळी काढल्यावर आत किती उधळी निघेल हे कोणालाच ठाऊक नसते, तेथे रोजीच न्याय्य, आणि उक्ते दिलेच असेल तर काम वाढल्यावर बोली नव्याने व्हावी. लहान कामासाठीही येण्याचा ठरावीक मोबदला असावा. पैसे त्याच संध्याकाळी द्यावेत. घरावरून कोणी पडले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे आधी बोलावे. कायद्याने घरमालकाला मोकळे सोडले असले तरी माणुसकीने सोडलेले नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. केलेल्या कामाची तारीखवार चिठ्ठी सही करून दिली तर असा पुरावा गोळा करायला त्याला आधार होईल. तिला काही खर्च नाही.

याहून थोडे मोठे कामही करता येईल. मेंढ्याच्या ग्रामसभेने बांबूसाठी केले ते मिस्त्रीच्या रोजीसाठी होऊ शकते. आपल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावोगाव जातातच. त्यांनी कारागिरांबरोबर बसून कामाचे दिवस, हत्यारांचा खर्च, घरखर्च यांची नोंद करावी आणि त्यांच्याच संमतीने निघालेले दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. मराठीच्या विद्यार्थ्यांना त्यातून कामाची हत्यारे, छपराचे भाग, जोडकामाचे प्रकार यांचे झाडीबोलीतील शेकडो शब्द मिळतील. ते शब्द जमा करून शोधनिबंध लिहावा आणि शब्द सांगणाऱ्याला त्याच्या बुडालेल्या दिवसाची रोजी द्यावी. तीही आधी ठरवून.